रद्द केलेली हाक

वैजूमामा आवाज मोजायला कुठेही गेले, तरी पेटीतून यंत्र काढण्याआधी एक गोष्ट करत. त्या जागी रोज वावरणाऱ्या कुणाला तरी समोरच्या टोकाला उभं करत आणि सांगत, पलीकडच्या माणसाला मारता तशी एक हाक मारा. मग मान किंचित खाली घालून ऐकत. हाक आली की खिशातल्या वहीत वेळ लिहीत, ती कशी आली ते लिहीत, आणि मगच स्टँडवर यंत्र चढवत. बरोबरची नवी मुलं हसायची. इतकं महागाचं यंत्र हाताशी असताना हे काय, असं एकाने विचारलंही होतं. मामा म्हणाले, यंत्र आवाज किती आहे ते सांगतं, तो कशावरून चालत आला ते सांगत नाही.

ही सवय त्यांना वयाच्या चौपन्नाव्या वर्षी लागली. मी एम.ए.ला असताना दोन वर्षं त्यांच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी राहिले. या सवयीमागची हकिगत मला एकदम कळली नाही. थोडी मीनाक्षीमामीने सांगितली, थोडी त्या वहीत होती, आणि उरलेली मामा स्वतः सांगत गेले, गच्चीवरचे वाळलेले कपडे गोळा करताना, माझ्याकडे न बघता.

मामांचं घराणं कागदावर वाढलेलं. त्यांचे आजोबा निजामाच्या वेळी तहसिलीत कारकून, वडीलही त्याच कचेरीत. एकाच कपाटातल्या वह्या, आजोबांच्या उर्दूत आणि वडिलांच्या मराठीत. कुणाचं रान कुठवर, त्यात काय पेरलं, विहीर कुणाची, हे सगळं त्या दोघांना जागा न बघता सांगता यायचं, आणि याचा घरात अभिमान होता. घरातल्या घरात वाद झाला तरी लिहिलेलं दाखव म्हणायची रीत होती. मामा विज्ञान शिकले, तहसिलीत गेले नाहीत. पण कागदाविषयीचा तो विश्वास मात्र त्यांच्यात जसाच्या तसा उतरला.

शहर वाढत होतं. चिकलठाण्याच्या पुढे शेंद्रा, शेंद्र्याच्या पुढे करमाड, जालना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणं पडत चालली होती. मामा ज्या लहानशा ऑफिसात होते तिथे अशा नव्या कारखान्यांसाठी अहवाल तयार होत. मामांच्या वाट्याला आवाज आला. अजून उभाच न राहिलेला कारखाना सुरू झाल्यावर शेजारच्या घरात किती ऐकू येईल, हे आधीच सांगायचं. संगणकात नकाशा मांडायचा, एका टोकाला कारखाना, दुसऱ्या टोकाला घर, आणि मध्ये जी जमीन असेल तिला एक आकडा द्यायचा. नांगरलेली, पीक उभं असलेली, भुसभुशीत जमीन असली तर एक. दगड, काँक्रीट, रोलर फिरवून दाबलेला मुरूम असला तर शून्य. भुसभुशीत जमिनीवरून जाताना आवाजाचा बराच भाग मातीत मुरतो. कडक जमीन काहीच ठेवून घेत नाही, सगळा पुढे पाठवते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ज्वारी काढली की पलीकडच्या रानातली बोलणी ऐकू यायला लागतात, हे तो लहानपणापासून जाणतो. मामा मात्र हे पुस्तकातून शिकले होते.

दोन हजार पंधराचा ऑक्टोबर. सलग दुसरं वर्ष पावसाने दगा दिलेला. करमाडच्या पुढे, रस्त्यापासून आत, लोखंड तापवून त्यावर यांत्रिक घण घालणारा एक कारखाना येणार होता. त्याच्या ठरलेल्या कुंपणापासून साडेतीनशे मीटरवर चौदा घरांची वस्ती. मध्ये सर्जेराव नावाच्या शेतकऱ्याचं सहा एकर रान. सगळीकडे असावं तसं तेही तपकिरी आणि उघडं.

वस्तीच्या कडेच्या घरात कडुबा आणि सरूबाई राहत. कडुबांची दृष्टी काचबिंदूने बारा वर्षांपूर्वी गेली होती. पण गेली म्हणून ते बसून राहिले नव्हते. रोज सकाळी काठी घेऊन एकटे फाट्यावरच्या हॉटेलात चहाला जात, पाऊण किलोमीटर. डाव्या हाताला पिठाची गिरणी, मग कडुलिंबाची सळसळ, मग पुलाखालचा पोकळ आवाज, मग हॉटेलचा पत्रा. एवढ्यावर त्यांचा रस्ता होता. आणि टंचाईच्या दिवसांत वस्तीने त्यांना एक काम दिलं होतं. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. तो फाट्याला वळून गिअर बदलायचा, तो आवाज सगळ्यांत आधी कडुबांना कळायचा. ते ओट्यावरून म्हणायचे, सरू, आला. मग सरूबाई दाराबाहेर येऊन हाक मारायच्या, आणि रानापलीकडे शेरडं राखणाऱ्या बाया धावत हंड्यांपाशी यायच्या. दोन उन्हाळे वस्तीचं पाणी या दोघांच्या कानातोंडावर चालू होतं.

मामा त्या सकाळी कारखान्याच्या जागेवर यंत्र लावून उभे होते. आजूबाजूला किती शांतता आहे ते मोजत होते. अशा वेळी कुणी बोललं की मोजणी बिघडते. अचानक रानापलीकडून हाक आली, "टँकर आला वंऽ!" आणि त्यांच्या मागून चार बाया शेरडं टाकून पळाल्या. मामा थोडे वैतागले. त्यांनी बटण बंद केलं, वहीत लिहिलं: १०.४०. बाईची हाक. नोंद रद्द. पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू केली. हाक किती स्वच्छ आली, शेवटचा 'वं'सुद्धा कसा वेगळा ऐकू आला, हे त्यांच्या मनात आलं होतं. बाईचा गळा चांगला आहे, एवढंच त्यांना त्यातून सुचलं.

मग ते जीपने, रस्त्याने वळसा घालून वस्तीत आले. मधल्या रानावर त्यांनी पाय ठेवला नाही. दुसरी मोजणी कडुबांच्या ओट्याशेजारी झाली. सरूबाईंनी टँकरच्या पाण्याचा चहा केला. कडुबांनी मामांच्या चालण्यावरून ओळखलं की बुटाची टाच एका बाजूने झिजली आहे, आणि त्यावरून त्यांची थट्टा केली. साहेब, आवाज मोजता आन् स्वतःचा बूट ऐकू येत नाय व्हय तुम्हाला? मामा हसले. मधल्या रानाविषयी त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून कुणी काही सांगितलं नाही.

ऑफिसात आल्यावर तक्त्यात एक रकाना मोकळा होता, मधल्या जमिनीचा. मामांनी सर्जेरावांच्या रानाचा सातबारा काढला. पीकपेऱ्यात लिहिलं होतं, बाजरी. मामांनी एक हा आकडा भरला. संगणकाने उत्तर दिलं, वस्तीत त्रेपन्न डेसिबल येतील. दिवसाची मर्यादा पंचावन्न. अहवालात त्यांनी लिहिलं की आवाज अडवणाऱ्या भिंतीची गरज नाही, आणि खाली सही केली.

त्या वर्षी बाजरी पेरलीच गेली नव्हती. तलाठ्याने मागच्या वर्षीची नोंद पुढे उतरवली होती, बहुतेक वर्षी उतरवली जाते तशी. पाऊस नाही म्हणून सर्जेरावांनी रान जून महिन्यातच ट्रक उभे करायला भाड्याने देऊन टाकलं होतं. त्यावर मुरूम पसरून झाला होता, रोलर फिरून झाला होता. ट्रक कारखान्याबरोबर येणार होते, तोवर त्यावर उडून आलेली माती साचली होती. लांबून बघणाऱ्याला ते पडीक शेतच वाटावं. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

कारखाना दोन हजार अठराच्या सुरुवातीला चालू झाला. यांत्रिक घण सकाळी आठला सुरू व्हायचा, दर सहा-सात सेकंदांनी एक ठोका. वस्तीतल्या इतरांना तो त्रास होता. कडुबांचा मात्र त्याने रस्ताच पुसला. ठोक्यामागून ठोका यायचा आणि मधल्या फटीत गिरणी आहे की लिंब हे कळायच्या आत पुढचा ठोका. तरी ते हट्टाने फाट्याला जात राहिले, वाटेत उभं राहून कामाच्या मधल्या सुटीची वाट बघत. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुन्हा टंचाई आली. एप्रिलात एका सकाळी टँकर आला, चालकाने दोनदा हॉर्न वाजवला, तो ठोक्यांत विरला, आणि कुणी आलं नाही म्हणून पुढच्या गावाला निघून गेला. कडुबा ओट्यावरच बसलेले होते. वस्तीने त्यांना एक शब्द बोलून दाखवला नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी चालकाचा मोबाईल नंबर मिळवला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन येऊ लागला. कडुबांना कुणी काही विचारेनासं झालं.

वस्तीने तक्रार केली, म्हणून मेमध्ये मामा पुन्हा मोजायला गेले. यंत्राने अठ्ठावन्न दाखवलं. कारखान्याने ठरल्यापेक्षा मोठा घण बसवला असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. कुंपणापाशी जाऊन मोजलं. तिथला आकडा अहवालात होता तेवढाच होता, एकानेही जास्त नाही. म्हणजे घण खरा होता. खोटं काहीतरी मधल्या साडेतीनशे मीटरमध्ये होतं. मग मामा पहिल्यांदा त्या रानात शिरले. ट्रकांच्या मधून चालताना त्यांना स्वतःचा बूट ऐकू आला.

त्यांनी यार्डाच्या माणसाला विचारलं, हे कधी केलं. तो म्हणाला, लई झालं, पंधरा सालच्या जूनात.

ऑफिसात येऊन त्यांनी जुना नकाशा उघडला आणि एकाच्या जागी शून्य लिहिलं. बाकी काही बदललं नाही. त्रेपन्नाचे अठ्ठावन्न झाले. मग कपाटातून पंधरा सालची वही काढली, आणि त्या पानावर आले. १०.४०. बाईची हाक. नोंद रद्द. मामी सांगते, त्या दिवशी ते घरी आले ते बूट घालूनच स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. तिने विचारलं काय झालं, तर म्हणाले, मला ऐकू आलं होतं.

ऑफिस आता जुन्या मालकांचा मुलगा देवेश चालवत होता. तो वाईट माणूस नाही, हे मामा प्रत्येक वेळी आवर्जून सांगत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे एक वाट दाखवली. अहवालाच्या वेळी कागदोपत्री ते शेत होतं. यार्ड नंतर झालं, असं लिहायचं. जमिनीचा वापर बदलला, यात आपला दोष नाही, कारखान्याचाही नाही. तसं लिहिलं तर भिंत बांधायची सक्ती कुणावरच येत नव्हती. "काका, तुमची वही तुमच्या कपाटात आहे. ती कुणी मागितलेली नाही," देवेश म्हणाला.

मामांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. विचार करतो म्हणाले. असे बावीस दिवस गेले. या बावीस दिवसांविषयी ते फार कमी बोलत. एवढंच सांगत की दर सकाळी पत्र लिहायला बसायचो आणि दुसरं काहीतरी काम आधी आटपायचो. पहिली चूक अजाणता झाली, असं मी एकदा त्यांना समजावू गेले, तेव्हा हातातला टॉवेल तसाच धरून ते म्हणाले, "पहिली सोड. मी तुला दुसरीबद्दल सांगतोय."

तेविसाव्या दिवशी सरूबाईंचा फोन आला. तक्रारीच्या वेळी मामांनी त्यांना नंबर दिला होता. त्यांना विचारायचं होतं की मोजून नेलं त्याचं पुढं काय झालं. बोलता बोलता, सहज सांगावं तसं, त्यांनी सांगितलं की मालक, म्हणजे कडुबा, परवा पडले. यार्डातून ट्रक मागं येत होता. हॉर्न झाला, पण ठोक्यात तो कुठल्या बाजूचा ते त्यांना उमगलं नाही. बाजूला सरायचं म्हणून सरले ते गटारीत. उजवं मनगट मोडलं. काठीचा हात.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत गेले. यंत्र नेलं नाही, वही नेली. कडुबा ओट्यावर होते, हात प्लास्टरमध्ये. मामांनी खाली बसून सगळं सांगितलं. सातबारा, बाजरी, एक आणि शून्य, रद्द केलेली नोंद, आणि देवेशने दाखवलेली वाटही. पान वाचून दाखवलं. बोलता बोलता दर ठोक्याला त्यांना थांबावं लागत होतं.

"त्या दिशी सरूची हाक तुम्हाला आली व्हती," शेवटी कडुबा म्हणाले.

"आली होती."

"कशी आली?"

"स्वच्छ. अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत."

"बाजरी उभी असती तर तशी आली असती का?"

मामा नाही म्हणाले.

"मंग कागदाला कशाला इचारलं, साहेब?"

सरूबाई दारात उभ्या होत्या. शिकल्याल्या मानसाला रान दिसत नाय, रानाचा कागद दिसतो, असं त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी चहा ठेवला नाही. तांब्याभर पाणी मात्र आणून दिलं.

उठताना मामांनी माफी मागितली. कडुबा म्हणाले, ते राहू द्या, तुम्ही कागद लिव्हणारे हायेत, मंग कागदच लिव्हा.

मामांनी त्याच दुपारी पत्र लिहिलं. चार ओळी. जमिनीचा प्रकार मी प्रत्यक्ष न पाहता सातबाऱ्यावरून लिहिला, त्या वेळी ती जमीन कडक होती, याची खूण माझ्या कानावर येऊनही मी ती नोंद रद्द केली, त्यामुळे भिंत नको हा निष्कर्ष चुकीचा आहे. सोबत वहीच्या पानाची प्रत. देवेश चिडला नाही. पत्र त्याने पुढे, अहवाल मंजूर करणाऱ्या सरकारी कचेरीकडे पाठवलं. फक्त त्यानंतर कुठल्याही अहवालाखाली मामांची सही घेतली गेली नाही. जागेवर जाऊन मोजायचं काम त्यांच्याकडे राहिलं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर ते पुन्हा पेटी उचलणारे झाले. मामीला याचं वाईट वाटायचं. मामांना वाटत नसावं, कारण त्याविषयी ते कधी गच्चीवर बोलले नाहीत.

भिंत व्हायला दोन वर्षं लागली. मधे टाळेबंदीत घण काही महिने बंद होता. तेव्हा वस्तीवर पूर्वीसारखी शांतता होती. गिरणी होती, लिंब होता, पुलाखालचा पोकळ आवाज होता. मनगट भरून आलं होतं. सरूबाईंनी नवी काठी आणून दिली. कडुबा यार्डाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले. सरूबाईंनी जाऊन हात धरून परत आणलं. पुन्हा ते एकटे निघाले नाहीत.

भिंत झाल्यावर मामा मोजायला गेले. बावन्न आले. कारखान्याची माणसं समाधानाने निघून गेली. मामा आकडा सांगायला ओट्यापाशी आले, तेव्हा कडुबांनी मान हलवली. त्यांना तो यंत्राशिवाय कळला होता.

"कान आले परत," ते म्हणाले. "पायाचं भ्या नाय गेलं."

तेव्हापासून मामा एक रविवार आड करमाडला जातात. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले. सरूबाईंनी मला चहा दिला, मामांनाही दिला. माझ्याशी भरभरून बोलल्या, मामांशी कामापुरतं. मग कडुबा उठले. डावा हात मामांच्या खांद्यावर, उजव्या हातात काठी, आणि दोघं फाट्याकडे निघाले. मी मागे चालत होते. कडुबा गिरणीविषयी, बाजारभावांविषयी, कुणाच्या तरी सोयरिकीविषयी बोलत होते, आणि मामा हं हं करत होते. यार्डाच्या कोपऱ्याशी गटारीवर आता फरशी टाकलेली आहे. तिथे आल्यावर कडुबांचं बोलणं बंद झालं. ते थांबले. काठी फरशीवर टेकवली, पुन्हा टेकवली, मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले. भिंतीपलीकडून ठोका येत होता, लांबून, जाड कपड्यात गुंडाळल्यासारखा. एक ट्रक निघून गेला. मागून दुसरा गेला. रस्ता पूर्ण मोकळा होता, मला दिसत होता.

मामांनाही दिसत असणार. पण ते म्हणाले नाहीत की चला. खांद्यावरचा हात हलेपर्यंत ते तसेच उभे राहिले.